टी-स्क्वेअरपासून संगणकापर्यंत : व्यवसाय-शाळेतील आरेखन आणि आपली मुले

आपल्या प्रार्थनालयाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कमिटीचा आग्रह झाला. प्रार्थनालयाच्या इमारतीचा, देणगीदारांचा व जुन्या कार्यकर्त्यांचा इतिहास इतर जाणकार लिहीतच आहेत. मी आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केले. तरी येथे मी रुग्णालयाविषयी न लिहिता आपल्या घराघरांत एके काळी असलेल्या एका वस्तूविषयी लिहिणार आहे. ती वस्तू म्हणजे ड्रॉइंग बोर्ड. इस्रायलमध्ये आल्यावर आपल्या समाजातील कितीतरी मुलामुलींनी व्यवसाय-माध्यमिक शाळेत 'सिर्तूत', म्हणजे तांत्रिक आरेखन, शिकून संसार उभे केले. त्याचा इतिहास कोठे लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

हे शिक्षण आपल्याला अगदी नवे नव्हते. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. मुंबईस आल्यावर त्यांनी लष्कर, रेल्वे, गोदी व सरकारी कचेऱ्या येथे नोकऱ्या धरल्या. 'ड्राफ्ट्समन' हा मुंबईत मानाचा शब्द होता. जे. जे. स्कूलमध्ये १८९६ साली ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला, त्यातूनच पुढे तेथील वास्तुशास्त्राचे महाविद्यालय वाढले. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आपल्या व्ही.जे.टी.आय.चे, नाव तर घरोघरी माहीत होते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षांना बसलेले आपल्यापैकी अनेकजण असतील. पुढे १९६० नंतरच्या वर्षांत 'ओर्ट' ही संस्था मुंबईत आली आणि आपल्या मुलांना यंत्रकाम, वीजकाम असे हातचे शिक्षण मिळू लागले. ओर्टची स्थापना १८८० साली सेंट पीटर्सबर्ग येथे गरीब ज्यू कारागिरांना हुन्नर शिकवण्यासाठी झाली होती. संस्थेच्या रशियन नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले.

इस्रायलमध्ये मात्र चित्र वेगळे होते. येथे ओर्ट, तसेच हिस्ताद्रूतने १९२८ साली काढलेली 'अमाल' या संस्थांच्या शाळा गावोगावी होत्या. आपली कुटुंबे बिअर शेवा, दिमोना, लोद, रामले, अश्दोद अशा ठिकाणी वसली. तेथील नव्या वस्त्यांत चांगली सामान्य माध्यमिक शाळा मिळणे कठीण, व्यवसाय-शाळा मात्र हाताशी. १९७०च्या दशकाच्या अखेरीस देशातील माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुले अशा शाखांत होती, आणि त्यांत आशिया-आफ्रिकेतून आलेल्या घरांतील मुलांचा भरणा मोठा होता. मुलांना यंत्रकाम, मोटारदुरुस्ती, वीज. मुलींना शिवण, सेक्रेटरीचे काम नाहीतर सिर्तूत, अशी वाटणी ठरलेली असे.

आमच्या घरी शाळेच्या सल्लागार बाई आल्या होत्या, तेव्हा माझी धाकटी बहीण आठवी संपवत होती. गणितात तिचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. बाईंनी आईला हिब्रूत समजावून सांगितले की, मुलीला हुन्नर शिकवा, लवकर कमावती होईल. आईला हिब्रू थोडेच येई. बापू म्हणाले, "शिकलेली माणसे सांगतात, ती बऱ्यासाठीच." आम्हां भावंडांनाही तेव्हा कळले नाही की प्रश्न हुन्नराचा नव्हता, 'बग्रूत'चा होता. व्यवसाय-शिक्षणातही वरच्या-खालच्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवरील मुलांना बग्रूतची परीक्षा देऊन पुढे टेक्निऑनपर्यंत जाण्याची वाट खुली राही. खालच्या पायरीवरील मुलांना कोर्स पुरा केल्याचा दाखला मिळे, पण त्या दाखल्यावर विद्यापीठाचे दार उघडत नसे. कोणत्या पायरीवर मूल बसणार हे चौदाव्या वर्षी ठरे, आणि आईबापांना त्याचा अर्थ चार वर्षांनी समजे.

आता त्या वर्गात काय शिकवीत, ते सांगते. उतरता बोर्ड, त्यावर चिकटपट्टीने ताणून बसवलेला कागद, टी-स्क्वेअर, दोन गुण्ये आणि कंपास. पहिले कित्येक आठवडे नुसत्या रेघा. दिसणाऱ्या कडेला जाड सलग रेघ, लपलेल्या कडेला तुटक रेघ, मध्यरेषेला एक लांब एक आखूड. मग एकाच वस्तूची तीन दृश्ये : समोरून, वरून आणि बाजूने. लोखंडाचा एक ठोकळा हातात देऊन त्याच्या आतील भोक बाहेरून कसे दाखवायचे, हे ज्याला उमजले त्याला आरेखन आले. शेवटी ट्रेसिंग पेपरवर शाईचे पेन. शाईचा डाग पडला तर ब्लेडने अलगद खरवडायचा, फाटला तर पुन्हा पहिल्यापासून. हिब्रू मजकूर उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे, ही कसरत निराळीच. बहिणीचे कागद पाहताना आमचे थोरले बंधू हसत. त्यांनी मुंबईत फूट-इंचांत ड्रॉइंग शिकले होते, आणि येथे सगळे मिलिमीटर!

हे शिक्षण कमी प्रतीचे होते असे मी म्हणणार नाही. औषधाचा डोस मोजताना लागते तीच शिस्त त्या रेघेला लागे. लोदजवळच्या विमान उद्योगात, नगरपालिकांच्या अभियंता कचेऱ्यांत, बांधकाम कंपन्यांत आपल्या मुलामुलींना या शिक्षणावर कामे मिळाली. १९८७ साली 'लावी' विमानाचा प्रकल्प सरकारने बंद केला, तेव्हा त्या उद्योगातील हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच सुमारास बोर्डावर दुसरे संकट येत होते.

ते संकट म्हणजे संगणक. १९६३ साली अमेरिकेत एम.आय.टी. येथे आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम दाखवला. त्यात प्रकाशाच्या पेनाने पडद्यावर रेघ काढता येई. पण तसली यंत्रे खोलीएवढी मोठी आणि भारी किमतीची. १९८२च्या डिसेंबरात 'ऑटोकॅड' आले, ते टेबलावरच्या लहान संगणकावर चालणारे. त्याच वर्षी इस्रायलमध्ये 'सिमाट्रॉन' ही याच क्षेत्रातील कंपनी सुरू झाली. १९९०च्या दशकात शाळांतून बोर्ड हलवले जाऊ लागले. संगणकात रेघ म्हणजे दोन टोकांचे आकडे. ती पुसता येते, हलवता येते, शंभर वेळा उतरवता येते. भिंती एका थरावर, नळ दुसऱ्यावर, विजेच्या तारा तिसऱ्यावर, आणि हवा तो थर क्षणात झाकता येतो. १९९५ साली आलेल्या 'सॉलिडवर्क्स'सारख्या प्रोग्रॅमांत तर आधी वस्तूच घडवायची, तिची तीन दृश्ये यंत्र स्वतः काढून देते.

चाळिशीकडे झुकलेल्या आरेखकांना हे जड गेले. काहींनी काम सोडले. माझी बहीण संध्याकाळच्या वर्गाला गेली. तेथे तिच्या लक्षात आले की, बटणे दाबायला वीस वर्षांची पोरे तिच्यापेक्षा चपळ आहेत, पण पडद्यावरचा जिना प्रत्यक्षात डोक्याला आपटेल हे तिला आधी दिसते. ती नजर बोर्डावर तयार झाली होती. तिच्या कचेरीने तिला ठेवून घेतले. पुढे तिने बग्रूतच्या राहिलेल्या परीक्षा दिल्या आणि दोन वर्षांचा 'हंदसाई'चा, म्हणजे शाळेनंतरच्या तंत्र-पदविकेचा, अभ्यास पुरा केला. पंचेचाळिसाव्या वर्षी तिला जे मिळाले, ते अठराव्या वर्षी मिळण्याची तिची योग्यता होती. हे मी बहीण म्हणून बोलत नाही. तिच्या वर्गातील आपल्या तीन-चार मुलींची हीच हकीकत आहे.

आज व्यवसाय-शाळांना तंत्र-शाळा म्हणतात, आणि आपली नातवंडे त्यांतून बग्रूतही देतात, संगणकावर यंत्रेही घडवतात. हा बदल आनंदाचा आहे. तरी नातवंडांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्या आजी-आजोबांना ज्या वर्गात बसवले, तो पुष्कळदा त्यांनी निवडला नव्हता. आणि न निवडलेल्या त्या वर्गातही त्यांनी रेघ वाकडी जाऊ दिली नाही.

जाता जाता एक विनंती. ज्यांच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली जुने बोर्ड, कंपासपेट्या, ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्या पडल्या असतील, त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. कागदाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिण्याची पद्धत असते. दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी आपली आडनावे जेथे हिब्रू अक्षरांत नीट उमटली असतील, ते कागद कमिटीकडे द्यावेत. आपल्या लोकांनी या देशाच्या उभारणीत काय केले, याचा तो सहीनिशी पुरावा आहे.