जलतरण, लघू व दीर्घ पल्ल्यांचे : मुंबईतील सराव

स्पर्धात्मक जलतरणात ५० व १०० मी. या लघू पल्ल्यांची आणि १,५०० मी. वा त्याहून दीर्घ पल्ल्यांची तयारी भिन्न असते. पहिलीत सूर, वळण व हातांची गती यांवर भर देऊन, पुरेशा विश्रांतीसह थोडे अंतर पूर्ण वेगाने पोहतात. दुसरीत अल्प विश्रांतीच्या प्रदीर्घ सरावाने दमसास वाढवितात. मुंबईत गिरगाव चौपाटीवरील मफतलाल बाथ व दादरचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव ही सरावाची प्रमुख स्थाने होत. दीर्घ पल्ल्याची खरी कसोटी मात्र समुद्रात लागते. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सु. ३५ किमी. अंतर भरती-ओहोटीचा अंदाज घेऊनच पोहावे लागते. तथापि येथील उबदार पाण्यात इंग्लिश खाडीच्या थंडीची सवय होत नाही. तेथे उन्हाळ्यातही तापमान सामान्यतः १५° ते १८° से. असते. अशा पाण्यात प्रत्येक जादा तास शरीरातील उष्णता हिरावून घेतो. म्हणून तलावात कमावलेली गती हेच संरक्षण ठरते. तलावातील शर्यतींत राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या मुंबईच्या अनिता सूद यांनी १७ ऑगस्ट १९८७ रोजी ही खाडी ८ तास १५ मिनिटांत पार केली. दोन्ही सराव परस्परपूरक असल्याचे त्यावरून दिसते.