हत्तीची वाट आणि सरकारची रेघ

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्याने हुणसूर आणि पिरियापट्टण मागे टाकले की कावेरीच्या अलीकडे बैलकुप्पे लागते. दक्षिणेत नेमणूक झालेली मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी येथे येतात, तिबेटी मठातील सोनेरी बुद्धमूर्ती पाहतात, मक्याच्या शेतांवर नजर टाकतात आणि परततात. ह्या वसाहतीच्या दक्षिणेस, आनेचौकूरच्या बाजूला, नागरहोळेचे रान आहे. कन्नडात 'आने' म्हणजे हत्ती. त्या रानाच्या कडेने सरकारने खंदक खणले आहेत, विजेच्या तारा ओढल्या आहेत, आणि काही ठिकाणी तर जुन्या रेल्वेरुळांचे कुंपण उभारले आहे. प्रवासी तिकडे सहसा फिरकत नाही. आम्हांला मात्र ह्या मुलखाचा खरा इतिहास त्या कुंपणातच लिहिलेला आहे असे वाटते.

सरकार आणि हत्ती यांचा येथील संबंध रक्षणाने सुरू झाला नाही, पकडण्याने झाला. जी. पी. सँडर्सन हा म्हैसूर संस्थानच्या कालव्यांवर काम करणारा इंग्रज अधिकारी. हत्ती धरण्याचे काम त्याने आपणहून अंगावर घेतले आणि १८७४ मध्ये चामराजनगराकडे खेद्दा यशस्वी करून दाखवला. पुढे कबिनी नदीकाठचे काकनकोटे खेद्द्यासाठी प्रसिद्धीस आले. रानात माग काढणारे आणि हाका घालणारे बहुतेक कुरुब जमातीचे लोक असत. ढोल, मशाली आणि आरोळ्या यांनी कळप नदीत उतरवायचा, पलीकडे लाकडी कोटात कोंडायचा आणि शिकवलेल्या हत्तींच्या साह्याने एकेकाला दोर बांधायचा, अशी ती रीत. हा सोहळा पाहण्यास राजघराण्याचे पाहुणे येत. धरलेल्या हत्तींपैकी काही दसऱ्याच्या मिरवणुकीत जात, काही सागाचे ओंडके ओढीत. त्या काळच्या दप्तरात हत्ती हे उत्पन्न होते, आणि रान हे लाकडाचे कोठार.

ही दृष्टी बदलू लागली ती स्वातंत्र्यानंतर. १९५५ मध्ये नागरहोळेला अभयारण्य करण्यात आले. त्या वेळी कोडगु हे लहानसे स्वतंत्र राज्य होते. ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात विलीन झाले. त्याच १९५५ साली आपल्या चांदा जिल्ह्यातील ताडोब्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेही तेव्हा महाराष्ट्रात नव्हते, मध्य प्रदेशात होते. राज्यांच्या सीमा हलत होत्या, आणि त्याच सुमारास रानांच्या सीमा पक्क्या केल्या जात होत्या.

परंतु अभयारण्याची ही रेघ ओढली गेल्यावर पाच वर्षांत म्हैसूर राज्याला दुसरी एक रेघ ओढावी लागली. १९५९ मध्ये दलाई लामांच्या मागोमाग हजारो तिबेटी भारतात आले. पंडित नेहरूंनी राज्यांना जमिनीसाठी लिहिले, आणि म्हैसूर सरकारने बैलकुप्प्याजवळची सुमारे तीन हजार एकर जमीन देऊ केली. १९६० च्या अखेरीस पहिली तुकडी येथे उतरली. बर्फाच्या देशातील ही माणसे उष्ण, दमट रानात झाडे तोडू लागली, तंबूंत राहू लागली. रात्री हत्ती येत. मग तेथे मका पिकू लागला, शाळा निघाल्या, मठ उभे राहिले. ह्या औदार्याबद्दल म्हैसूर राज्याचे जितके आभार मानावेत तितके थोडे. तथापि हेही विसरता येत नाही की निर्वासिताला दिलेला निवारा रानाचा तुकडा तोडून दिलेला होता, आणि त्या तुकड्यावरून पूर्वीपासून कोणाची तरी ये-जा होती. ती ये-जा करणाऱ्याला अर्ज करता येत नव्हता, एवढेच.

पुढची पाने वेगाने उलटतात. १९७१ मध्ये काकनकोटेचा अखेरचा खेद्दा झाला. मग कबिनीच्या धरणाखाली ती जागाच बुडाली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत म्हैसुराकडील बंडीपूर आणि विदर्भातील मेळघाट ही दोन्ही होती. नागरहोळे १९८८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आले. आज उद्यानाचे क्षेत्र सुमारे ६४३ चौरस किलोमीटर आहे.

कायदा कागदावर असतो. रान राखले जाते ते पायांनी. उन्हाळ्यापूर्वी गवत जाळून आगीला अडवणारे पट्टे तयार करणे, चोरट्या शिकाऱ्यांसाठी रानात छावण्या ठेवून रोज गस्त घालणे, रात्री रस्ते बंद करणे, घाणेरी उपटणे, हे ते काम. येथले रेंजर के. एम. चिण्णप्पा यांनी १९६७ पासून सुमारे पंचवीस वर्षे हे काम असे केले की लाकूडचोरांना आणि शिकाऱ्यांना त्यांचे नाव काढले तरी धडकी भरे. त्याची किंमतही द्यावी लागली. १९९२ मध्ये खवळलेल्या जमावाने रानाचा मोठा भाग पेटवून दिला. त्या कष्टांचे फळ आज दिसते. २०२२ च्या गणनेत ह्या व्याघ्र प्रकल्पात १४१ वाघ असल्याचा अंदाज निघाला, आणि २०२३ च्या गणनेप्रमाणे कर्नाटकात ६,३९५ हत्ती होते. अशी वाढ दाखवणारी सरकारी खाती विरळाच.

पण ह्याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. रानात मध गोळा करणारे जेनु कुरुब, त्यांचे शेजारी बेट्ट कुरुब आणि येरव यांच्या हाडी, म्हणजे पाडे, ह्या रेघेच्या आत सापडले. सत्तरीच्या दशकापासून त्यांना बाहेर काढण्यात आले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या, मुझफ्फर असादी यांच्या समितीने २०१४ मध्ये विस्थापित कुटुंबांची संख्या ३,४१८ अशी दिली. त्याच रानात एका बड्या हॉटेलाला जागा देण्याचे घाटत होते. आदिवासींच्या विरोधानंतर १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले. म्हणजे मधाच्या पोळ्याला रेघ आडवी आली, आणि पाहुण्यांच्या खोल्यांसाठी ती वाकवता येईल असे काही काळ वाटले. २००६ च्या वनहक्क कायद्याने जुन्या रहिवाशांचे दावे मान्य करण्याची वाट उघडली. तरी २०२५ च्या मे महिन्यात काही जेनु कुरुब कुटुंबे आपल्या जुन्या हाडीवर परत आली तेव्हा तो प्रश्न सुटलेला नव्हता हे सर्वांना कळले.

हा दूरच्या मुलखाचा इतिहास आहे असे कोणी समजू नये. २००२ च्या सुमारास दांडेलीच्या बाजूने हत्ती सिंधुदुर्गात उतरले. त्यांना रोखण्याची विद्या आपल्याकडे नव्हती. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यातील हत्ती धरताना कर्नाटकातील शिकवलेले हत्ती आणि माहूत बोलवावे लागले. त्या माहुतांची विद्या कोठून आली? कर्नाटकाच्या हत्तीछावण्यांत आजही कितीतरी माहूत जेनु कुरुब आहेत. ज्यांचे घर रेघेबाहेर गेले त्यांच्याच हातावर रेघेचे रक्षण उभे आहे.

ह्या सगळ्या इतिहासाची कहाणी एका हत्तीच्या आयुष्यात सामावली होती. अर्जुन १९६८ मध्ये काकनकोटेच्या खेद्द्यात धरला गेला. नागरहोळेतील बळ्ळे छावणीत तो वाढला. २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षे त्याने म्हैसूरच्या दसऱ्याला साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी वाहिली. ४ डिसेंबर २०२३ रोजी हासन जिल्ह्यात एका रानहत्तीला गळपट्टा घालण्याच्या मोहिमेत त्याच रानहत्तीशी झुंजताना तो मेला. ज्याला सरकारने पकडले, मिरवले आणि राखले, तो अखेर सरकारच्याच कामावर पडला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या सहीने कोठे ना कोठे अशा रेघा ओढल्या जातात. रेघेवाचून रान टिकत नाही, हे नागरहोळेने सिद्ध केले आहे. परंतु रेघ ओढण्यापूर्वी तिच्यावरून कोणाची वाट जाते हे पाहिले नाही, तर पन्नास वर्षांनंतर कोणाला तरी तेथे खंदक खणावा लागतो. बैलकुप्प्याला पुन्हा जाणे झाले, तर मठ पाहून झाल्यावर घटकाभर आनेचौकूरच्या बाजूला जाऊन तो खंदकही पाहावा.