सोरा : एका पांढऱ्या क्षाराचा इतिहास



मागे एकदा आठवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, आमच्या गोठ्याच्या भिंतीला पांढरा लोणा धरतो, तो येतो कुठून?" मी इतिहास शिकविणारा माणूस. विज्ञानाच्या शिक्षकांकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे होते. परंतु अशाच पांढऱ्या थरातून निघणाऱ्या सोऱ्याने जगाच्या इतिहासात केवढी उलथापालथ केली, हे आठवले आणि मी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला. वर्गात सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शेण, मूत्र, पालापाचोळा मातीत कुजतो, तेव्हा मातीतील सूक्ष्म जीवाणू त्यातील नत्राचे नायट्रेट बनवितात. पावसाळा सरून माती वाळू लागली की हे क्षार ओलाव्याबरोबर वर येतात व पांढऱ्या थराच्या रूपाने साचतात. मात्र प्रत्येक लोणा म्हणजे सोरा नव्हे. त्यात साधे मीठ व इतर क्षारही मिसळलेले असतात. त्यांतून सोरा वेगळा काढणे हीच खरी विद्या होय.

सोरा स्वतः जळत नाही, परंतु तापला की प्राणवायू सोडतो व जळणाऱ्या पदार्थाला जोर देतो. बंदुकीच्या दारूत सुमारे ७५ टक्के सोराच असतो. बाकी कोळसा आणि गंधक. ही दारू प्रथम चीनमध्ये तयार झाली. १२४८ साली दमास्कस येथे मरण पावलेल्या इब्न अल्-बैतार या वनस्पतिशास्त्रज्ञाने सोऱ्याची नोंद 'चीनचे बर्फ' या नावाने केली आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात सीरियातील हसन अल्-रम्माह याने सोरा शुद्ध करण्याची कृती ग्रंथात लिहून ठेवली. लाकडाची राख घातली म्हणजे चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार खाली बसतात, असे हे तंत्र. हाताची कृती कागदावर आली, म्हणूनच सात शतकांनंतर आपणांस ती कळते.

आपल्या देशात याच सोऱ्याचा एक शांत उपयोगही होत असे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो व पाणी गार होते. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त याचे प्रमाण दिले आहे : पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावा व त्यात एक शेर पिण्याच्या पाण्याची, तोंड बंद केलेली धातूची सुरई फिरवावी. दरबार पंजाबात गेल्यावर बर्फ मिळू लागले. तोपर्यंत बादशहाचे पाणी असे थंड होत असे. जो पदार्थ तोफेत आग ओकतो, तोच तहानलेल्याला गारवा देतो!

सोऱ्याचे सर्वांत मोठे आगर म्हणजे बिहार. तेथील नोनिया समाजाचे लोक गावाच्या कडेची माती खरवडून आणीत, ती मातीच्या गाळणीतून पाण्याने निथळीत व ते पाणी कढईत आटवीत. १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात सुमारे २४५ ग्रॅम सोरा विरघळतो. तेच पाणी २० अंशांवर आले की फक्त ३२ ग्रॅम. साध्या मिठात असा फरक जवळजवळ पडत नाही. म्हणून द्रावण निवाले की सोऱ्याचे स्फटिक खाली बसतात व मीठ पाण्यातच राहते. नोनियांना हे आकडे ठाऊक नव्हते, परंतु त्यांच्या हातांना ते पक्के ठाऊक होते.

सतराव्या शतकापासून डच व इंग्रज कंपन्यांची जहाजे हा सोरा युरोपात नेऊ लागली. प्लासीनंतर १७५८ साली इंग्रज कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ताच मिळविला. माती खरवडणाऱ्याला मजुरी मिळाली. साम्राज्य दुसऱ्याचे झाले.

पुढे काय घडले ते पाहा. सोरा काढताना साधे मीठही निघते, म्हणून इंग्रज सरकारने मिठाच्या कराखातर नोनियांवर परवान्यांची बंधने घातली. तिकडे १८६१ पासून जर्मनीत खाणीतून पोटॅशचे उत्पादन सुरू झाले. दक्षिण अमेरिकेतील सोडियम नायट्रेट व हे पोटॅश यांपासून युरोपातच सोरा बनू लागला. त्या नायट्रेटच्या वाळवंटासाठी चिली, पेरू व बोलिव्हिया १८७९ ते १८८४ पर्यंत लढले. शेवटी फ्रित्स हाबर याने १९०९ मध्ये हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला व १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा राहिला. अमोनियापासून नायट्रेट करता येते. बिहारच्या कढया थंडावत गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कसबी नोनिया मातीकामाच्या मजुरीकडे वळले.

सोऱ्याचे महत्त्व मात्र संपलेले नाही. काच, शोभेची दारू, दात शिवशिवू नयेत म्हणून वापरायची टूथपेस्ट, सौर वीजकेंद्रात उष्णता साठविणारे वितळलेले क्षार, या सर्वांत तो आहे. आपले द्राक्ष-डाळिंब बागाईतदार ठिबकातून '१३-०-४५' सोडतात, ते हेच खत : १३ टक्के नत्र व ४५ टक्के पालाश. कोकणात आंब्याची फळगळ कमी व्हावी म्हणून याचीच १ टक्का फवारणी करतात. फक्त त्याची गोणी विस्तव, पेंढा व तेल यांपासून दूर ठेवावी; त्याचा जुना स्वभाव बदललेला नाही.

नोनियांच्या हुन्नरात उणीव नव्हती. परंतु त्या हुन्नरामागचे 'का' शिकण्याची, बाजाराचा हिशेब वाचण्याची सोय त्यांना कोणी करून दिली नाही. त्यामुळे जग बदलले तेव्हा त्यांच्या हाती फक्त फावडे उरले.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे वडील मला म्हणाले, "सर, दहावी झाली की याला मामाच्या गॅरेजात घालणार." गॅरेजचे काम मुळीच हलके नाही. मी एवढेच म्हणालो, "भाई, गॅरेजात जरूर जाऊ द्या, पण शिक्षण तोडू नका. आज इंजिन आहे, उद्या बॅटरी येईल. तेव्हा त्याला नवे वाचता आले पाहिजे." ते विचार करतो म्हणाले आहेत. आपणही करावा, ही नम्र विनंती.