मॉन्टेसरीतून ‘मूल ऐकत नाही’ अशी तक्रार आली तर

मॉन्टेसरी वर्गात सहसा तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असतात. तिथली शिस्त ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ अशी नसते. मुलाने उठावे, फिरावे, आवडेल ते काम निवडावे. मात्र ते चटईवर मांडावे, झाले की साहित्य जागेवर ठेवावे आणि दुसऱ्याचे काम मोडू नये. प्रत्येक साहित्याचा बहुधा एकच संच असल्याने वाट पाहावी लागते. तीन वर्षांच्या मुलाला हेच सर्वांत जड जाते.

त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे मूल वस्तू हिसकावते, रडते, वर्गभर भटकते. हा आजार नव्हे आणि एवढ्यावरून ‘अतिचंचल’ असा शिक्काही मारता येत नाही. रागावण्यापेक्षा घरी चपला जागेवर लावणे, स्वतः पाणी ओतून घेणे रोज करू द्या. सांडेल, सांडू द्या.

पण कधी कधी ‘ऐकत नाही’ हे शब्दशः खरे असते. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचले की कमी ऐकू येते. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून घरात लक्षात येत नाही. ताई हळू बोलतात त्या वर्गात मात्र जाणवते. मूल टीव्हीचा आवाज वाढवत असेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर कान तपासून घ्या. बोलणे उशिरा येणे, नजरेला नजर न देणे किंवा येत असलेले शब्द जाणे, यांपैकी काही दिसल्यास थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

येताना ताईंनी नेमके काय पाहिले ते लिहून आणा. ‘फार मस्ती करतो’ एवढ्यावरून आम्हाला फारसे कळत नाही.