जायबंदी प्रवासी आणि न्यायालयाचा उंबरठा

सिकंदराबादचा इतिहास हा पुष्कळ अंशी प्रवासाचा इतिहास आहे. १८०६ साली सिकंदर जाह यांच्या नावावरून इंग्रजी छावणीच्या या वस्तीला हे नाव मिळाले. १८७४ मध्ये वाडी जंक्शनपासून निजामाची आगगाडी येथवर आली. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गावे जोडीत गोदावरी खोऱ्याची रेल्वे येऊन मिळाली. नोकरीच्या, व्यापाराच्या निमित्ताने मराठी माणसे याच मार्गांनी येथे आली व स्थिरावली. या प्रवासाची स्मृतिचित्रे अनेकांनी रंगविली आहेत. परंतु वाटेत हात-पाय गमावलेल्या किंवा घरी परतलाच नाही अशा प्रवाशाचे पुढे काय झाले, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो वाङ्मयात नसून न्यायनिवाड्यांत आहे. तो वाचताना एक गोष्ट पदोपदी जाणवते. गाडीचे चाक का निखळले हा प्रश्न पुष्कळदा मागेच राहतो. दावा कोणी लावायचा, कोणावर, कोठे, किती दिवसांत, आणि सिद्ध कोणी काय करायचे, याच प्रश्नांवर निकाल ठरतो.

या कथेचा आरंभ आगगाडीच्याही आधीचा आहे. इंग्लंडात टप्प्याटप्प्याला घोडे बदलीत धावणाऱ्या भाड्याच्या गाड्या होत्या. अशाच एका गाडीच्या टपावर बसलेला एक नावाडी-वाटाड्या, गाडीचा आस मोडल्यामुळे खाली फेकला जाऊन जायबंदी झाला व त्याने गाडीमालकावर दावा लावला. ‘ख्रिस्ती विरुद्ध ग्रिग्ज’ या नावाने १८०९ साली निकाल लागलेल्या या दाव्यात सर जेम्स मॅन्सफील्ड यांनी दोन तत्त्वे सांगितली. पहिले असे की, गाडी उलटली व इजा झाली एवढे प्रवाशाने दाखविले की पुरे. गाडी सुस्थितीत होती व हाकणारा कुशल होता हे मालकाने दाखवावे. दुसरे असे की, मालाची हमी मालकावर असते तशी प्रवाशाच्या देहाची नसते. मालकाने माणसाच्या हातून होईल तेवढी काळजी घेतली असली म्हणजे तो सुटला. आस काही दिवसांपूर्वीच तपासला होता असे मालकाने दाखविले आणि तो सुटला. प्रवाशाला पुराव्याचे पहिले पाऊल सोपे झाले. पदरात मात्र काही पडले नाही.

हिंदुस्थानात १८६१ साली भाड्याच्या घोडागाड्यांसाठी कायदा झाला, तो मुख्यतः परवान्यांविषयीचा होता. १८६५ चा वाहतूकदारांचा कायदा मालापुरता होता. कापडाचा गठ्ठा हरवला तर व्यापाऱ्याला जो आधार मिळे, तो पाय मोडलेल्या प्रवाशाला मिळत नसे. प्रवासी दगावलाच तर १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्याने पत्नी, पती, आई-वडील व मुले यांच्यासाठी दावा लावता येई. भावा-बहिणींचा त्यात समावेश नव्हता. थोरल्या भावाच्या मिळकतीवर चालणारी घरे आपल्याकडे किती होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका वगळणुकीचा अर्थ उमगतो.

पुराव्याच्या भाराचा खरा कस लागला तो कालिदास मुखर्जी यांच्या दाव्यात. ईस्ट इंडियन रेल्वेच्या डब्यात सहप्रवाशांनी आणलेल्या शोभेच्या दारूचा स्फोट होऊन त्यांचा मुलगा मरण पावला. शोकाकुल पित्याने कंपनीवर दावा लावला. कलकत्ता उच्च न्यायालयाने पित्याच्या बाजूने कौल दिला. कंपनीने अपील केले. १९०१ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. दारू डब्यात जात असल्याचे कंपनीच्या नोकरांना दिसले होते किंवा दिसावयास हवे होते, हे वादीनेच सिद्ध केले पाहिजे, असे ठरले. फलाटावरच्या त्या गर्दीत कोणी काय पाहिले याचा पुरावा पुत्र गमावलेल्या पित्याने आणावा कोठून? टपावरच्या त्या वाटाड्याला मिळालेली सवलत येथे उपयोगी पडली नाही, कारण येथे गाडी मोडली नव्हती. दोष परक्या माणसाचा होता.

सिकंदराबादच्या प्रवाशापुढे याहून आधीचा एक प्रश्न उभा राही, तो म्हणजे न्यायालय कोणते? शहर निजामाच्या राज्यात, छावणी इंग्रज रेसिडेंटच्या अखत्यारीत, आणि रेल्वेच्या जमिनीवरचा अधिकार निजाम सरकारने इंग्रजांना दिलेला. पावलापावलावर हद्द बदले. हा अधिकार कोठवर पोहोचतो याचा वाद शंकरपल्ली स्थानकावरून निघाला. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावरून महंमद युसुफुद्दीन या निजामाच्या प्रजाजनास त्या स्थानकावर अटक झाली होती. १८९७ साली प्रिव्ही कौन्सिलने ती अटक बेकायदा ठरविली. रेल्वेच्या जमिनीवरील अधिकार रेल्वेच्या कारभारापुरताच आहे, रेल्वेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी तो वापरता येणार नाही, असा निर्णय झाला. खटला फौजदारी होता, प्रवाशाच्या इजेचा नव्हता. परंतु या प्रदेशात रुळावर उभ्या असलेल्या माणसावर नेमकी कोणाची सत्ता चालते, हा त्यातील प्रश्न प्रत्येक प्रवाशाचा होता.

दुसरी अडचण तिकिटाची. मुंबईहून मनमाडमार्गे येणारा प्रवासी दोन वेगळ्या कंपन्यांच्या रुळांवरून येई. तिकीट एकीने दिलेले, अपघात दुसरीच्या हद्दीत. मग प्रतिवादी कोण? १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ८० व्या कलमाने याचे उत्तर दिले. सलग तिकीट असेल तर तिकीट देणाऱ्या रेल्वेवर किंवा जिच्या मार्गावर इजा झाली त्या रेल्वेवर, वादीच्या इच्छेप्रमाणे दावा लावता येईल. प्रवाशाच्या बाजूने टाकलेले हे मोलाचे पाऊल होते. मात्र मुदतीचा काटा तसाच राहिला. शरीराच्या इजेसाठी १९०८ च्या कायद्याने अवघे एक वर्ष दिले होते. अस्थिभंगातून सावरेपर्यंतच त्यातले अर्धे सरत असे.

पुढे मालक बदलले. १९३० मध्ये निजामाची रेल्वे सरकारी झाली आणि १९३२ मध्ये तिच्याच रस्ते-वाहतूक खात्याने २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. १९५० मध्ये ही रेल्वे केंद्र सरकारकडे आली आणि १९६६ मध्ये सिकंदराबाद दक्षिण-मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले. प्रतिवादी आता कंपनी नव्हती, सरकार होते. त्यामुळे दोन महिन्यांची पूर्वसूचना आली आणि प्रतिवादीचे नाव अचूक लिहिण्याची कसोटीही आली. १९७६ साली केरळ राज्य सरकारने रेल्वेच्या महाव्यवस्थापकावर लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. दावा ‘भारतीय संघराज्य’ (युनियन ऑफ इंडिया) या नावानेच हवा होता. जेथे एक राज्य सरकार चुकले, तेथे खेड्यातल्या विधवेची काय कथा?

मधल्या काळात कायद्याची दृष्टी हळूहळू पालटत होती. जुन्या रेल्वे कायद्यात घातलेल्या ८२-अ कलमाने गाड्यांची टक्कर किंवा घसरण झाल्यास दोष सिद्ध न करताही भरपाई देय ठरविली. आरंभी तिची मर्यादा दहा हजार रुपये होती. सप्टेंबर १९५४ मध्ये जनगावजवळ आणि सप्टेंबर १९५६ मध्ये महबूबनगरजवळ पूल कोसळून झालेल्या भीषण अपघातांनी या तरतुदीचे महत्त्व याच परिसराला दाखवून दिले. महबूबनगरनंतर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला. त्याच वर्षी अरियलूरच्या अपघातानंतर तो स्वीकारला गेला.

१९८९ मध्ये रेल्वे दावा न्यायाधिकरणांचे काम सुरू झाले. त्यांतील एक पीठ सिकंदराबादला आहे. जेथे तिकीट काढले, जेथे अपघात झाला किंवा जेथे जावयाचे होते, त्या ठिकाणच्या पीठापुढे अर्ज करता येतो. मुदत एक वर्षाचीच, पण सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो. २००८ साली प्रभाकरन विजयकुमार प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने गाडीतून पडलेल्या प्रवाशाबाबत रेल्वेचा दोष पाहण्याची आवश्यकता नाही असे सांगितले. २०१८ साली रीना देवी प्रकरणी, मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे म्हणता येणार नाही, असे ठरले. मृत्यूची भरपाई २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. रस्त्यावरील अपघातांसाठीही वेगळी न्यायाधिकरणे आहेत. तेथे १९९४ मध्ये उठविलेली मुदतीची अट १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांच्या रूपाने पुन्हा आली आहे. उंबरठा झिजतो, तसा कधीकधी नव्याने बसविलाही जातो.

या दोन शतकांच्या वाटचालीचा आशय थोडक्यात सांगता येईल. भरपाईचा हक्क प्रवाशाला एका दिवसात मिळाला नाही. पुराव्याचा भार, न्यायालयाची हद्द, प्रतिवादीचे नाव, दाव्याची मुदत असा एकेक अडसर दूर होत तो त्याच्यापर्यंत पोहोचला. आणि प्रत्येक अडसरापाशी कोणी ना कोणी जायबंदी माणूस किंवा मुलगा गमावलेला पिता हरून परतला होता. न्यायालयातील कामकाजाची पद्धत हा वकिलांचा रूक्ष विषय आहे, असे सामान्य वाचकाला वाटते. परंतु त्या रूक्ष नियमांमागे कालिदास मुखर्जींसारखी माणसे उभी आहेत. सिकंदराबादच्या फलाटावर रोज उतरणाऱ्या सहस्रावधी प्रवाशांना जे संरक्षण आज लाभले आहे, त्याचे ऋण त्या हरलेल्या वादींकडेही जाते.