स्प्लिट एसीचे आउटडोअर युनिट : बसवणी व वायरिंग

घरगुती स्प्लिट वातानुकूलन यंत्राचा घराबाहेर बसवला जाणारा भाग. बोलीत त्याला नुसते ‘आउटडोअर’ म्हणतात. कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्या व ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची जाळी असलेला कंडेन्सर, पंखा आणि विजेचे भाग एवढे त्याच्या पत्र्याच्या खोक्यात असते. खिडकीतला एसी किंवा फ्रिज कारखान्यातून पुरा होऊन निघतो. स्प्लिट एसी दोन अर्धुकांत घरी येतो. गॅसचा मार्ग आणि विजेचा मार्ग हे दोन्ही मेकॅनिक घरातच जोडतो. म्हणून येथे बसवणी हा यंत्राच्या घडणीचाच शेवटचा टप्पा समजला पाहिजे. चांगल्या कंपनीचा एसी दोन वर्षांत थंडावा देईनासा होतो, तेव्हा कारण पुष्कळदा या अर्ध्या दिवसाच्या कामात सापडते.

जागा : एसीची क्षमता टनात सांगतात. एक अमेरिकी टन (सुमारे 907 किग्रॅ.) बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढ्या वेगाने उष्णता बाहेर काढणे म्हणजे एक टन, तासाला 12,000 बीटीयू किंवा सुमारे 3.5 किलोवॅट. दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने चालताना खोलीतून 5.2 किलोवॅट उष्णता उचलते आणि स्वतः साधारण दीड किलोवॅट वीज घेते. आउटडोअरला या दोन्हींची बेरीज, म्हणजे साडेसहा किलोवॅटच्या वर उष्णता, हवेत सोडावी लागते. चार-पाच घरांच्या इस्त्र्या एकदम तापवल्या तर होईल एवढी ही धग आहे. तिला वाट हवी. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत अरुंद डक्टमध्ये एकावर एक आउटडोअर टांगलेले असतात. खालच्याने सोडलेली गरम हवा वरचा ओढून घेतो, गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त अँपिअर घेतो आणि नेमका मे महिन्याच्या दुपारी बंद पडतो. युनिटसमोर मोकळी जागा हवीच. मागे व बाजूंना किती अंतर सोडायचे ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. शोभेसाठी भोवती पत्रा किंवा दाट जाळी लावणे चुकीचे आहे. उन्हापासून आडोसा चालतो, पण हवा अडवून नव्हे.

मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीला आणखी एक शत्रू आहे, खारा वारा. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असताना वर खारट ओल बसली की तेथे बारीक विद्युत्‌घट तयार होतो व ॲल्युमिनियमची पाती पिठासारखी झडू लागतात. किनाऱ्यालगत लेप दिलेल्या पात्यांचा कंडेन्सर घ्यावा, युनिट समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडावर बसवू नये आणि वीज तोडून जाळी अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी.

आधार : युनिटचे वजन साधारण 25 ते 40 किग्रॅ. असते. ते लोखंडी अँगलच्या ब्रॅकेटवर बसवतात. भार भिंतीपासून पुढे लोंबत असल्याने वरचे बोल्ट सतत बाहेर ओढले जातात. काँक्रीटमध्ये किंवा भरीव विटेत अँकर फास्टनर धरतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर सैल होतो, तेथे आरपार बोल्ट घालून आतून पट्टी द्यावी लागते. खाली रबराचे पॅड ठेवले नाहीत तर कंप भिंतीत उतरतो आणि शेजाऱ्याच्या झोपेवर येतो.

या कामातला खरा धोका माणसाला आहे. खिडकीवरचा छज्जा पाऊस अडवण्यासाठी असतो. माणूस व यंत्र यांचा भार पेलण्याची हमी त्याच्यावर ठेवता येत नाही. मेकॅनिकच्या कमरेला, खरे तर पूर्ण अंगाला, सुरक्षा पट्टा हवा, त्याचा दोर घरातल्या पक्क्या आधाराला बांधलेला हवा आणि सोबत दुसरा माणूस हवा. हा खर्च बसवणीच्या दरात धरलाच पाहिजे. पट्टा न लावता बाहेर उतरणाऱ्याला घरमालकाने थांबवावे.

नळ्या आणि व्हॅक्यूम : भिंतीत बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवून कोअर कटिंगने भोक पाडतात. त्यातून बारीक व जाड अशा दोन तांब्याच्या नळ्या, निचऱ्याची नळी आणि केबल जाते. दोन्ही नळ्यांना वेगवेगळे फोमचे आवरण लागते. कापलेल्या टोकाची धार काढून, नळीचे तोंड खाली धरून, ते फ्लेअरिंग टूलने फुलासारखे 45 अंशांत उमलवतात. कापताना पडलेला तांब्याचा कीस आत राहिला तर तो पुढे कॉम्प्रेसर किंवा झडप बिघडवतो. नट नेहमी दोन पान्ह्यांनी आवळावा, नाहीतर नळीला पीळ बसतो.

जोडणी झाल्यावर नळ्यांत हवा आणि तिच्यासोबत ओल उरते. ती काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावतात. दाब पुरेसा उतरला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. 25 अंश सेल्सियसला त्यासाठी दाब पाऱ्याच्या सुमारे 24 मिलिमीटरपर्यंत खाली यावा लागतो, आणि चांगला मेकॅनिक त्याच्याही पुष्कळ खाली, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो. मग पंप बंद करून काटा चढतो का ते पाहतो. वेळ वाचवण्यासाठी थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची पद्धत सर्रास चालते. ती मोडली पाहिजे. त्यात ओल आत राहते. नव्या गॅसबरोबरचे तेल ती झपाट्याने शोषते, आम्ल तयार होते आणि मोटरच्या गुंडाळीचे आवरण खाल्ले जाते. शिवाय सोडलेला गॅस हवेत जातो. सध्या प्रचलित असलेल्या आर-32 ची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट धरतात, आणि हा गॅस सौम्य ज्वलनशीलही आहे. आउटडोअरमध्ये ठरावीक लांबीच्या नळीपुरता गॅस कारखान्यातच भरलेला असतो. व्हॅक्यूम टिकल्यावरच षट्कोनी चावीने झडपा उघडून तो सोडावा. नळी लांब असेल तर जादा गॅस वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून भरावा. हाताला गार लागते एवढ्यावर भरणे म्हणजे अंदाज.

वायरिंग : एसीसाठी वितरण पेटीतून स्वतंत्र सर्किट काढतात. दीड टनासाठी 4 चौ. मिमी.ची तांब्याची तार आणि 20 अँपिअरचा सी-प्रकारचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप तुटणारा स्विच) ही भारतात रूढ निवड आहे. चालू प्रवाह सातेक अँपिअरच असताना एवढी जाड तार कशाला, असे वाटते. पण इन्व्हर्टर (मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारी यंत्रणा) नसलेला कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या पाचपट प्रवाह क्षणभर ओढतो. पेटीपासून 20 मीटरवर, 35 अँपिअरला, 1.5 चौ. मिमी.ची तार 17-18 व्होल्ट खाते; 4 चौ. मिमी.ची जवळपास 7. ज्या गावांत दाब आधीच पडलेला असतो, तेथे एवढ्या फरकानेही मोटर गुरगुरत अडकते.

एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग लागते. पावसात भिजणाऱ्या पत्र्याच्या खोक्याला अर्थिंगची तार स्क्रूने घट्ट जोडलेली असलीच पाहिजे. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर ते आधी करून घ्यावे. काही जण न्यूट्रललाच अर्थिंगच्या पिनशी जोडतात. हे जीवघेणे आहे : वर कुठे न्यूट्रल तुटला तर आउटडोअरच्या अंगावर थेट 230 व्होल्ट येतात.

दोन युनिटांमधली केबल झाकणाच्या आतल्या नकाशाप्रमाणेच जोडावी. साध्या यंत्रात आतल्या युनिटचा रिले बाहेर फेज पाठवतो. कॉम्प्रेसरच्या सी (कॉमन), आर (रन), एस (स्टार्ट) या टोकांपैकी एसकडे कपॅसिटरमधून प्रवाह जातो. इन्व्हर्टर यंत्रात फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगखेरीज एक संदेशाची तार असते. अनेक मॉडेलांत तिचा संकेत न्यूट्रलच्या आधाराने चालतो, म्हणून फेज-न्यूट्रल उलटले तर दोन्ही युनिटे एकमेकांशी बोलत नाहीत आणि पडद्यावर दोषाचा आकडा येतो. तारेच्या टोकांना थिंबल लावावे, मध्ये सांधा देऊ नये. सैल स्क्रूखाली ठिणगी पडत राहते, टर्मिनल काळे होते आणि शेवटी वितळते. केबल आत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून आत न जाता तेथूनच ठिबकते.

इन्व्हर्टरच्या आउटडोअरमध्ये 230 व्होल्टचे रूपांतर सुमारे 325 व्होल्टच्या एकदिश दाबात होते आणि मोठे कपॅसिटर वीज तोडल्यावरही तो काही मिनिटे धरून ठेवतात. झाकणावर लिहिलेला वेळ थांबून, मल्टिमीटरने शून्य पाहूनच हात घालावा. यंत्र चालू झाल्यावर क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून पाटीवरच्या आकड्याशी ताडतात. तो आकडा, नळीची लांबी आणि भरलेला जादा गॅस झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावा. पुढे दुरुस्तीला येणाऱ्याला त्याखेरीज दुसरी नोंद मिळत नाही.