संदर्भसजग मोबाइल ॲप

वापरकर्ता कुठे आहे, काय करतो आहे, भोवतालची परिस्थिती कशी आहे, हे ताडून स्वतःचे वागणे बदलणारे ॲप. ‘संदर्भा’त ठिकाणाबरोबर वेळ, हालचाल, उजेड, हवामान, नेटवर्क आणि शिल्लक बॅटरीही येते.

ही कल्पना स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत रॉय वॉन्ट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी ‘ॲक्टिव्ह बॅज’ हा बिल्ला तयार केला. त्यावरचा शोधनिबंध 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. बिल्ला दर 15 सेकंदांनी इन्फ्रारेड संकेत सोडत असे. त्यावरून माणूस कोणत्या खोलीत आहे हे कळे आणि त्याचा फोन तिथे जोडून देता येई. 1999 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या अनिंद डे व सहकाऱ्यांनी ‘कॉन्टेक्स्ट टूलकिट’ मांडले. सेन्सर हाताळण्याचे काम त्यांनी मूळ ॲपपासून वेगळे काढले. आजच्या अँड्रॉइड ॲपलाही ॲक्सिलरोमीटरचे कच्चे आकडे वाचावे लागत नाहीत. ‘चालतो आहे’ किंवा ‘वाहनात आहे’ असा अंदाज त्याला आयता मिळतो.

ठिकाणासाठी ‘जिओफेन्स’ वापरतात. नकाशावर आखलेल्या वर्तुळात फोन शिरला किंवा बाहेर पडला की ॲपला सूचना जाते. एका ॲपला अँड्रॉइडवर अशी 100, तर आयफोनवर 20 वर्तुळे आखता येतात.

मुंबईच्या लोकल प्रवाशांना हे तंत्र रेल्वेच्या ‘यूटीएस’ ॲपमुळे परिचयाचे झाले. तिकीट तपासनीस दिसल्यावर गाडीतच तिकीट काढण्याची पळवाट राहू नये, म्हणून स्थानकाच्या आवारात व रुळांलगत कागदविरहित तिकीट मिळत नसे. आत आलेल्या प्रवाशासाठी पुढे स्थानकावरील क्यूआर कोड स्कॅन करण्याचा पर्याय दिला गेला.

जीपीएस सतत चालू ठेवले तर बॅटरी झपाट्याने उतरते. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे भारतीय ॲप म्हणूनच मोबाइल टॉवरवरून गाडीचा ठावठिकाणा काढते. त्याला इंटरनेटही लागत नाही. ते बनवणारी बंगळुरूची कंपनी 2018 मध्ये गूगलने विकत घेतली.

खरी अडचण खासगीपणाची. अँड्रॉइड 10 पासून ‘ॲप वापरात असतानाच’ ठिकाण सांगण्याची मुभा वापरकर्त्याला मिळाली. ढोबळ ठिकाण देण्याची सोय आयफोनवर 2020 मध्ये, अँड्रॉइडवर 2021 मध्ये आली. त्यामुळे परवानगी नाकारली गेली तरी मूळ काम अडणार नाही, अशीच ॲपची रचना विकसकाने करायला हवी.